आधी तपासणी, मग पोळी सोडायची

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात सांगतो. तुम्ही ३४ वर्षांच्या, नाशिकच्या. लग्न होऊन इंदूरला गेलेल्या तुमच्या धाकट्या बहिणीला तीन महिन्यांपूर्वी सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हामुळे आतडं बिघडवणारा आजार असल्याचं निदान झालं. त्याआधी चार वर्षं तिचं हिमोग्लोबिन आठच्या वर जात नव्हतं. तिच्या डॉक्टरांनी सख्ख्या नातेवाइकांनी तपासून घ्यावं असं सुचवलं. तुम्हाला पोटाची काही तक्रार नाही. वर्षा-दोन वर्षांतून लोहाच्या गोळ्यांचा एखादा कोर्स होतो, पण ‘ते काय, बायकांना असतंच’. मुलगी सहा वर्षांची आहे, आई ६१ वर्षांची, गावी असते. यजमान म्हणतात, काही होत नसताना आजार शोधत कशाला जायचं. आणि अगदी शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलंय की बहिणीला सोबत म्हणून आणि काळजीपोटीही, अडीच महिने झाले, घरात गहू जवळजवळ बंद आहे.

तपासायचं का, हा प्रश्न तुम्ही विचारलात. पण माझ्या मते खरी अडचण त्या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू शोधत नाही, जनुकंही शोधत नाही. गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य, मोहरी नव्हे) यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ज्यांना हा आजार आहे त्यांच्या शरीराची संरक्षण यंत्रणा ग्लूटेन पोटात गेलं की स्वतःच्याच आतड्यावर उलटते. या लढाईत जी प्रतिद्रव्यं तयार होतात, ती आपण रक्तात मोजतो. गहू थांबला की लढाई थंडावते, प्रतिद्रव्यं काही आठवड्यांपासून काही महिन्यांत उतरत जातात आणि आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं. उपचार म्हणून हे उत्तमच आहे. पण निदान व्हायच्या आधी हे घडलं, तर पुरावाच पुसला जातो. आज तुम्ही रक्त दिलंत आणि रिपोर्ट नॉर्मल आला, तर तुम्हाला आजार नाही म्हणून तो नॉर्मल आहे की गहू बंद आहे म्हणून, हे मीच काय, कुणीच सांगू शकणार नाही.

काही वर्षांपूर्वी चाळिशीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. मुलीचं निदान झालं त्याच संध्याकाळी घरातलं गव्हाचं पीठ त्यांनी शेजारी देऊन टाकलं होतं. वर्षभरानं स्वतःची तपासणी केली, ती नॉर्मल. पण हाडं ठिसूळ झालेली, आणि त्याला दुसरं काही कारण सापडेना. मला त्यांना पुन्हा पोळी खायला सांगावी लागली. प्रत्येक वेळी ते खिशातून एक छोटी डायरी काढायचे. रोजच्या तारखेपुढे ‘पोळ्या २’ आणि त्याखाली पोट कसं आहे ते एका शब्दात. पहिल्या आठवड्यापासून ‘गच्च’, ‘गच्च’, ‘जुलाब’ असं लिहिलेलं होतं. आठव्या आठवड्यात रक्त तपासलं, प्रतिद्रव्यं वाढलेली होती, बायोप्सीतही, म्हणजे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन केलेल्या तपासणीतही, आजार दिसला. हे दोन महिने त्यांना टाळता आले असते. मुलीच्या निदानानंतरच्या आठवड्यात फक्त एक नळी रक्त द्यायचं होतं. तेव्हापासून कुणाचंही निदान सांगताना मी घरच्यांना आधी हे बजावतो: तुमची तपासणी होईपर्यंत तुमचं जेवण बदलू नका.

आता तपासायचं की नाही.

सर्वसाधारण लोकसंख्येत हा आजार साधारण शंभरात एकाला असतो. दिल्ली परिसरात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९६ जणांमागे एक असं प्रमाण निघालं होतं. सख्ख्या नात्यात ते बरंच वाढतं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०१५ साली जगभरातले अभ्यास एकत्र करून दहा हजारांहून अधिक नातेवाइकांचा हिशोब मांडला. सख्ख्या नातेवाइकांत सरासरी साडेसात टक्के. त्यातही रुग्णाच्या बहिणींमध्ये सातात एक, मुलींमध्ये आठात एक, मुलग्यांत तेरात एक, भावांत सोळात एक आणि आईवडिलांत साधारण बत्तीस-तेहतिसात एक. म्हणजे तुम्ही सगळ्यात वरच्या गटात आहात. तरीही सातांतल्या सहा बहिणींना आजार नसतो, हेही तितकंच लक्षात ठेवा.

‘हा तर पंजाब-हरियाणाकडचा आजार, आपल्याकडे कुठे?’ हे मी ओपीडीत नेहमी ऐकतो. देशाच्या उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भागांची तुलना करणारा एक अभ्यास २०१६ साली आला. उत्तरेत १.२३ टक्के लोकांना सिलिअ‍ॅक होता, दक्षिणेत ०.१० टक्के. पण या आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात, तीनांतल्या एकाकडे होती. मोठा फरक होता तो ताटातल्या गव्हात: उत्तरेत दिवसाला सुमारे ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. आपण भात, भाकरी, पोळी सगळंच खाणारी माणसं. आपल्या घरांतूनही ही जनुकं आहेत, आणि शहरात भाकरीची जागा पोळी आणि ब्रेडनं घेतली आहे. त्यामुळे आपल्याकडे हा आजार होत नाही, असं धरून चालू नका.

‘मला काही त्रास नाही’ या वाक्यावर थोडं थांबू या. सिलिअ‍ॅक म्हणजे जुलाब आणि खंगलेलं मूल, हे चित्र जुनं झालं. मोठ्या माणसांत हा आजार पोटाबाहेरच जास्त बोलतो. लोहानं न भरून येणारा अ‍ॅनिमिया, ठिसूळ हाडं, तोंडात वारंवार येणारे छाले, कोपर-गुडघ्यांवरचं खाजरं पुरळ, कारण न सापडणारे गर्भपात, यकृताच्या तपासणीत किंचित वाढलेले आकडे. अन्नातलं लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि सिलिअ‍ॅक पहिला घाव तिथेच घालतो. तिथलं अस्तर निरोगी असताना मखमलीसारखं असतं, बारीक बारीक अंकुरांनी भरलेलं. आजारात ते अंकुर झडून अस्तर सपाट होतं. मग लोहाची गोळी कितीही चांगली असो, ती शोषायला जागाच उरत नाही.

एकदा एका बाईंनी माझ्या टेबलावर प्लॅस्टिकची पिशवी उपडी केली होती. आत लोहाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, सहा वर्षांच्या. ‘एकही गोळी चुकवलेली नाही, हे बघा,’ म्हणाल्या. गोळ्या नीट घेत नाही म्हणून घरात त्यांनाच बोलणी बसत होती. त्यांना सिलिअ‍ॅक निघाला.

तुमच्या अ‍ॅनिमियाला मासिक पाळीतला रक्तस्राव किंवा कमी आहार अशी साधी कारणं असू शकतात, आणि बहुतेकींच्या बाबतीत तीच असतात. पण सख्ख्या बहिणीला सिलिअ‍ॅक आणि स्वतःला परत परत होणारी लोहाची कमतरता, हे दोन्ही एकत्र आल्यावर मी तुम्हाला ‘लक्षणं नसलेली’ म्हणणार नाही. तुमच्याबाबतीत माझं उत्तर स्पष्ट आहे: तपासा.

यजमानांचा मुद्दा मात्र मी उडवून लावत नाही. खरोखरच काहीही त्रास नसलेल्या माणसाला तपासावं का, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या कृतिगटानं २०१७ साली म्हटलं की, लक्षणं नसलेल्यांना तपासावं किंवा तपासू नये, हे सांगण्याइतका पुरावा नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना मात्र सख्ख्या नातेवाइकांना तपासणी देऊ करा असं सांगतात. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, त्यामागे फिनलंडमधला २०१४ सालचा एक छोटा प्रयोग आहे. तपासणीतून सापडलेल्या, स्वतःला ठणठणीत समजणाऱ्या ४० जणांपैकी निम्म्यांना वर्षभर ग्लूटेनमुक्त आहार दिला, निम्म्यांना नेहमीचाच. आहार बदललेल्यांचं आतडं तर सुधारलंच, पण पोटाच्या तक्रारीही कमी झाल्या. म्हणजे त्रास होता; सवयीचा झाल्यामुळे तो त्रास वाटत नव्हता, इतकंच. हे मी माझ्या रुग्णांतही पाहतो. ‘मला वाटायचं सगळ्यांनाच दुपारी असं थकायला होतं’, हे वाक्य कितीदा ऐकलंय.

पण उत्तर ‘हो’ आलं तर ते आयुष्यभराचं पथ्य आहे. लग्नाची पंगत, प्रवास, सत्यनारायणाचा शिरा, सगळीकडे ते सोबत असतं. आरोग्य विमा घेताना ते सांगावं लागतं. म्हणून ज्याला काहीच त्रास नाही, हाडं आणि रक्त ठीक आहे, आणि आत्ता घरात दुसरं मोठं संकट चालू आहे, अशा माणसानं सहा महिने थांबून तपासलं तर मी हरकत घेत नाही. कॅन्सरच्या भीतीनं मात्र निर्णय घेऊ नका. दुर्लक्षित सिलिअ‍ॅकमध्ये आतड्याच्या एका प्रकारच्या लिम्फोमाचा धोका वाढतो हे खरं, पण तो आजार मुळातच दुर्मीळ आहे. फिरत्या मेसेजमध्ये तो जितका मोठा करून सांगतात तितका तो नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

सगळ्यात आधी बहिणीची फाईल मागवून घ्या. तिच्यात प्रतिद्रव्यांचा आकडा आणि दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याचा अहवाल आहे का, ते बघा. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग किंवा ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण प्रदेशात होणारा आतड्याचा एक आजार) यांतही अस्तर खराब होतं. शिवाय हल्ली दोनशे पदार्थांची ‘फूड इन्टॉलरन्स’ यादी छापून देणाऱ्या तपासण्या निघाल्यात, त्यात गहू लाल रंगात आला की लोक त्याला सिलिअ‍ॅक म्हणतात. त्या तपासण्यांवरून सिलिअ‍ॅकचं निदान होत नाही. बहिणीचं निदान तशा कागदावर उभं असेल, तर तुमच्या घराचं गणितच बदलतं. चार वर्षांच्या अ‍ॅनिमियाची हकीकत बघता ते पक्कं असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते.

मग गहू परत सुरू करा. रोज, दोन्ही जेवणांत मिळून निदान दोन पोळ्या, किमान सहा आठवडे. मी स्वतः आठ सांगतो. ब्रिटिश सूचनांतही सहा आठवडे, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा ग्लूटेन, असंच आहे. खूप त्रास व्हायला लागला तर दात-ओठ खाऊन आठ आठवडे रेटू नका. तुमच्या डॉक्टरांना सांगा आणि तपासणी अलीकडे घ्या, दोन-तीन आठवड्यांतही काही जणांची प्रतिद्रव्यं वर येतात. गर्भवती असाल किंवा तसा विचार असेल, तर हे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नका.

वर सांगितलेली प्रतिद्रव्यं मोजणाऱ्या रक्ततपासणीचं नाव टीटीजी-आयजीए. तिच्यासोबत एकूण आयजीए मागा, हे विसरू नका. काही माणसांच्या शरीरात आयजीए प्रकारची प्रतिद्रव्यं जवळजवळ तयारच होत नाहीत, आणि सिलिअ‍ॅकच्या रुग्णांत असे लोक शंभरात दोन-तीन असतात. त्यांची टीटीजी-आयजीए आजार असूनही नॉर्मल येते. अशांसाठी आयजीजी प्रकारची वेगळी तपासणी आहे. ही एक ओळ चिठ्ठीवर लिहायची राहून गेल्यामुळे वर्षानुवर्षं निदान न झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. टीटीजी वाढलेली आली तर मोठ्या माणसांत दुर्बिणीतून बायोप्सी करतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, चार-सहा बारीक तुकडे. बायोप्सी होईपर्यंतही पोळी चालूच.

गहू परत खाण्याची फार धास्ती वाटत असेल तर एक आडवाट आहे. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची तपासणी गहू बंद असतानाही करता येते. दोन्ही नसतील, तर सिलिअ‍ॅक असण्याची किंवा पुढे होण्याची शक्यता जवळजवळ शून्य, विषय तिथेच संपला. पण ती पॉझिटिव्ह आली तर त्यावरून आजार ठरत नाही, कारण तीनांतल्या एका निरोगी माणसातही ही जनुकं असतात, आणि रुग्णाच्या सख्ख्या बहिणीत ती असण्याची शक्यता तर आणखी जास्त. ही तपासणी महागही असते. म्हणून तुम्हाला मी आधी पोळीचाच रस्ता सांगेन.

मुलीचा निर्णय तुमच्या रिपोर्टवर बराचसा अवलंबून आहे. रुग्ण तिची मावशी, म्हणजे नातं एक पायरी लांबचं. तुमची तपासणी निगेटिव्ह आली आणि तिची उंची-वजन वयाच्या रेषेवर चाललं असेल, तर तिच्यामागे सुया लावायची मला घाई नाही. तुम्हाला सिलिअ‍ॅक निघाला तर मात्र ती सख्खी नातेवाईक झाली, आणि तिला तपासायचंच. वाढ मंदावलीय, पोट फुगतं, बद्धकोष्ठता किंवा जुलाब होतात, असं काही असेल तर तुमच्या रिपोर्टचीही वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर तिचा डबा पूर्वीसारखा करा, पोळी-भाजीचा. वाढत्या मुलाचा गहू निदानाशिवाय बंद करणं मला सर्वांत जास्त खटकतं. पुढे तपासायची वेळ आली की पुन्हा गहू खाऊ घालायचं काम त्या लेकराच्याच माथी येतं. मुलांच्या बाबतीत एक दिलासा आहे. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे, टीटीजी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही प्रतिद्रव्यांची दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर बायोप्सीशिवाय निदान करता येतं.

आईबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की मागच्या वर्षी अंगणात घसरून त्यांचं मनगट मोडलं. त्या वयात हाडं ठिसूळ होतातच, पण लेकीला सिलिअ‍ॅक असताना हे कारण तपासल्याशिवाय सोडू नये. त्यांची पोळी गावी चालूच आहे, त्यामुळे त्या उद्याही रक्त देऊ शकतात. खरं तर तुमच्या घरात सगळ्यात आधी, सगळ्यात सोपेपणानं तपासता येतील अशा त्याच आहेत.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. बहिणीला मूल आहे का, असेल तर त्याची तपासणी झाली का? ते तिचं सख्खं नातं, आणि आईचं निदान झाल्यावर त्या घरातला गहूही बंद होत असणार. आज संध्याकाळीच तिला फोन करून एवढं विचारा.

तुमची तपासणी निगेटिव्ह आली तरी ती आयुष्यभराची पावती नाही. सिलिअ‍ॅक कुठल्याही वयात सुरू होऊ शकतो. लोह परत खाली आलं, वजन घटलं, किंवा वर सांगितलेल्यांपैकी काही दिसलं, तर पुन्हा तपासा. सख्ख्या नात्यातल्या मुलांना मी दोन-तीन वर्षांनी एकदा तपासतो, जनुकं नसल्याचं सिद्ध झालं असेल तर नाही.

आणि बहिणीला सोबत करायची तुमची इच्छा मला मनापासून आवडली. ती वाया घालवू नका, फक्त दुसरीकडे वळवा. ती माहेरी येईल तेव्हा तिचं ताट सुरक्षित असलं पाहिजे, आणि त्याला घरातली पोळी बंद करावी लागत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, भगर, राजगिरा सगळं तिला चालतं. अडचण गिरणीत होते: गव्हाच्या दळणानंतर लगेच टाकलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ उतरतं. तिच्यासाठी घरघंटीवर वेगळं दळा किंवा ग्लूटेनमुक्त लिहिलेलं पीठ आणा. तिच्या भाकरीची परात आणि तवा वेगळे ठेवा. खपली हाही गहूच आहे, तो तिला चालत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, त्या बंद. मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि सातूचं पीठ यांत गहू किंवा जव असतो. डबीतल्या हिंगातही बहुतेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीवरची बारीक अक्षरं वाचून घ्या.

तर क्रम असा: आजच बहिणीला फोन करून तिची फाईल मागवा, या आठवड्यात आईचं रक्त, आणि उद्यापासून तुम्हा मायलेकींची पोळी सुरू. आठ आठवड्यांनी तुमचं टीटीजी-आयजीए, एकूण आयजीए, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी). रिपोर्ट आले की फक्त ‘पॉझिटिव्ह’, ‘निगेटिव्ह’ असं कळवू नका. टीटीजीचा आकडा, त्या लॅबची मर्यादा आणि एकूण आयजीए, तिन्ही लिहा. तेवढं हातात असलं की बायोप्सीचं काय करायचं ते सांगता येईल.